डेंग्यूनंतर अडीच महिन्यांनी केस मुठीने गळतायत, कारण कळत नाही. काय करावं?

कारण बहुधा तो तापच. मोठ्या तापात बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. दोष मात्र शाम्पूला किंवा बोअरच्या पाण्याला दिला जातो. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते ना? मग केस जिथून उगवतो ते बीज त्वचेत शाबूत आहे, नवा केस येईल. गळती साधारण सहा महिन्यांत थांबते. तेल रगडून ती लवकर थांबत नाही.

सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) या रक्ततपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं असूनही फेरिटिन कमी निघू शकतं. बायोटिन (केसांसाठी घेतलं जाणारं जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान 2 दिवस बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. डोक्यावर केस गेलेल्या गोल चकत्या, खवले किंवा जळजळ असेल तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.