सर्वधर्मीय बैठकांना जाऊन पूर्वग्रह खरंच कमी होतात का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पुण्यात आलात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका धर्माविषयी रोज वाईटसाईट येतं, वाचून झोप लागत नाही. आता ओळखीच्या कुणी सर्वधर्मीय बैठकीला बोलावलंय, तर तिथे जाऊन काही बदलतं का, की नुसतेच हारतुरे आणि फोटो?

बदलतं. पण कशाने बदलतं ते सांगायला हवं.

मी मराठी ख्रिस्ती. माहेर नगर जिल्ह्यातलं, सासर वानवडीत. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या पोस्टवरून शहर तापलं आणि हडपसरला एका तरुण मुस्लिम आयटी इंजिनिअरला मारहाण करून ठार केलं. त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. हडपसर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या धक्क्यातून पुढच्या वर्षी आम्ही काही जण जमायला लागलो. महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी, पंधरा-सोळा माणसं. संस्था नाही, बॅनर नाही.

पहिली तीन वर्षं आम्ही एकमेकांना आपापल्या धर्मातलं चांगलं तेवढं सांगत होतो. मी येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं, मार्केट यार्डात फळांचा गाळा असलेल्या चाचांनी इस्लाममधली जकात, म्हणजे गरिबांसाठीचं बंधनकारक दान, समजावून सांगितली, कोथरूडहून येणाऱ्या काकांनी पसायदान म्हटलं. डोळे पाणावायचे. आणि घरी गेल्यावर ज्याचं त्याचं मन होतं तसंच. माझंही. मुस्लिम वस्तीतून रिक्षा जायला लागली की मी पर्स छातीशी धरायचे. हे त्या खोलीत बोलायला मला पाच वर्षं लागली.

मग एका बैठकीत चाचा म्हणाले, "आज धर्माचं नको. माझ्या मुलीला घर मिळत नाहीये." मुलगी हिंजवडीला नोकरीत, बाणेर-बालेवाडीत भाड्याने फ्लॅट बघत होती. एजंट फोनवर गोड बोलायचे, आडनाव कळलं की "कालच टोकन आलं हो" किंवा "मालक नाही म्हणतायत". अकरा घरं झाली होती. खोलीत कुणी बोलेना. शेवटी पसायदान म्हणणारे काकाच खाली बघत म्हणाले, "आमच्या सोसायटीचा चेअरमन मीच आहे. आम्हीसुद्धा देत नाही. लिहिलेलं कुठे नाही, पण देत नाही."

आमची बैठक त्या वाक्यापासून सुरू झाली असं मी मानते.

काकांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय काढला आणि हरले. सभासदांनी सुरक्षिततेचं कारण पुढे केलं. मग त्यांनी स्वतःचा दुसरा फ्लॅट, घरच्यांचा विरोध पत्करून, एका मुस्लिम जोडप्याला भाड्याने दिला. चाचांच्या मुलीला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, तिने तोवर मुस्लिमबहुल कोंढव्यात घर घेतलं होतं. "ती माणसं एकत्रच राहतात" असं कोंढव्याबद्दल मीही म्हणत आले होते. अकरा दारं बंद झाल्यावर माणूस उघड्या दाराकडे जातो, एवढी साधी गोष्ट मला त्या मुलीमुळे कळली.

जोतीरावांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये छापलं गेलं. त्यात त्यांनी एक कुटुंब रंगवलंय: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने नांदतायत. ते पान मला पाठ आहे. पण हौद आधी उघडला, पुस्तक तेवीस वर्षांनी आलं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता जातीचं. माझे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे शिवी आम्हाला जातीवरूनच मिळते, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही. हे मी पोटतिडकीने मांडलं तेव्हा येरवड्याच्या एक बौद्ध ताई म्हणाल्या, "वाटेकरी वाढले की आमच्या पोरांच्या जागा कमी होणार, त्याचं काय?" मला राग आला. नंतर पटलं की त्यांची भीती पोटाची आहे, द्वेषाची नाही. आणि त्यांनी पुढे विचारलं ते जास्त लागलं: "तुमच्या देवळात लग्न ठरवताना 'मूळचे कुठले' असं का विचारता मग?" विचारतात. खरं आहे. चाचाही म्हणाले की त्यांच्यात सय्यद-पठाणांच्या घरी बागवानाची मुलगी सहजी जात नाही. प्रत्येकाच्या घरातला केर त्या दिवशी बाहेर आला आणि आश्चर्य म्हणजे सगळे जास्त जवळ आलो.

२८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला. खूप कौतुक झालं, मीही केलं. चाचांचा मुलगा मला म्हणाला, "मावशी, आम्ही जागा दिली की बातमी होते. आम्ही जागा मागतो तेव्हा?"

म्हणून तुम्ही त्या बैठकीला जा, पण तिथे कोण बसलंय ते बघा. नुसते मौलाना, पाळक आणि महाराज व्यासपीठावर असतील, बायका नसतील, दलित नसतील, तर हार घालून घरी याल. पंधरा माणसं सतरंजीवर बसली असतील तर थांबा. दोन-तीन वेळा नुसतं ऐका. मग स्वतःच्या समाजाने कुणाचं काय केलंय ते आधी सांगा, दुसऱ्यांचं नंतर. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांसमोर भांडू नका. तिथे गप्प बसणारं कुणी तरी तुमच्यासारखंच अस्वस्थ असेल, त्या एकाला फोन करा, चहाला बोलवा.

आमची पुढची बैठक येरवड्याच्या ताईंकडे आहे. विषय तोच, १९५० चा आदेश. त्यांचं मत बदललेलं नाही, माझंही नाही. भाकरी त्या करणार आहेत, भाजी मी नेणार आहे.