मेंढ्या बसवल्या, पण नत्र उडून जातोय?

प्रश्न : दरवर्षी पेरणीआधी दोन एकरांत खतासाठी रात्री मेंढ्या बसवतो. धनगरांना रात्रीच्या हिशेबाने पैसे आणि धान्य देतो. सकाळी रानात गेलं की नाकाला झोंबणारा वास येतो. शेजारी म्हणतात, वास येतोय म्हणजे खत मुरतंय. दहा-बारा दिवस तसंच पडू देतो, मग कुळवतो. यात काही चुकतं का? (एक शेतकरी, माण तालुका)

उत्तर : हो. ते दहा-बारा दिवस चुकतात. झोंबणारा वास अमोनियाचा आहे. ज्या नत्रासाठी तुम्ही पैसे आणि धान्य मोजलंत, तोच हवेत निघालेला असतो.

लेंडी आणि मूत यांचा हिशेब वेगळा धरा. लेंडीतला नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेला असतो. ऊन लागलं की लेंडी वाळते आणि तिच्यातून फारसं काही उडत नाही. उडतो तो मुतातला. मुतातला बहुतेक नत्र युरियाच्या रूपात असतो, गोणीतल्या युरियासारखाच. मातीत आणि लेंडीत युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते एक-दोन दिवसांत या युरियाचं अमोनियम कार्बोनेट करतं. त्यामुळे त्या ओल्या डागाचा सामू (पीएच) साडेआठ-नऊपर्यंत चढतो आणि अमोनिया वायू होऊन सुटू लागतो. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या तीन-चार दिवसांत होतं. दहा-बारा दिवसांनी तुमचा कुळव रानात पोचतो, तेव्हा वाचवण्यासारखं थोडंच उरलेलं असतं.

किती जातं, याचा ढोबळ हिशेब करू. तीस किलोची मेंढी दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा खाते. त्यात 8 टक्के प्रथिनं धरली तर नत्र सुमारे 13 ग्रॅम होतो. अंगी लागलेला वजा जाता 10 ग्रॅम बाहेर पडतो, त्यातला निम्मा रात्री तुमच्या रानात. म्हणजे 200 मेंढ्या एक रात्र बसल्या की एक किलो नत्र. एका मेंढीला एक चौरस मीटर जागा धरून रोज जाळी पुढे सरकवली, तर एकराला सुमारे 4000 मेंढ्या-रात्री लागतात आणि 20 किलो नत्र पडतो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत जवळपास तेवढाच असतो. यातला निम्म्याच्या आसपास मुतात असतो. मेंढ्या हिरव्या चाऱ्यावर किंवा कडधान्याच्या काडावर असतील तर मुतातला वाटा वाढतो, आणि उडणाराही. रान उघडं ठेवलं तर मुतातल्या नत्राचा पाचवा ते तिसरा हिस्सा जाऊ शकतो. तुमची जमीन चुनखडीची आणि विम्लधर्मी असेल, वरून उन्हाळी वारा असेल, तर जास्तीच्या बाजूनेच धरा.

उपाय सोपा आहे. ज्या सकाळी मेंढ्या उठतात, त्याच दिवशी त्या पट्ट्यात कुळवाची उथळ पाळी घाला. दोन-तीन इंच माती वरखाली झाली की पुरे, कारण अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो. खोल नांगरट नको, लेंडी फार खाली जाते. बैल किंवा ट्रॅक्टर रोज मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन पट्टे एकदम घ्या, पण तिसऱ्या दिवसावर ढकलू नका. तुषार संच असेल तर कुळवाऐवजी त्याच दिवशी 10 ते 15 मिलिमीटर पाणी द्या, युरिया खाली मुरतो. नुसता शिडकावा मात्र करू नका. दोन-तीन मिलिमीटरने मूत खाली जात नाही, वरचा थर ओला राहून विकराचं काम तेवढं वाढतं. पाट भरून पाणीही नको. भारी जमीन दोन-तीन दिवस वाफशावर आली नाही तर नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, आणि तो तापमान वाढवणारा फार तापट वायू आहे.

एकाच जागी दोन-तीन रात्री मेंढ्या बसवणं ही दुसरी मोठी चूक. डागावर डाग पडतो, सामू आणखी चढतो आणि पीक पुढे ठिपक्याठिपक्यांनी गडद हिरवं येतं. रोज वाघर (मेंढ्यांभोवतीची जाळी) हलवायचं धनगरांशी आधीच ठरवून घ्या.

खात्री करायची असेल तर लाल लिटमसचा कागद पाण्याने ओला करून वाटीच्या तळाशी आतून चिकटवा आणि वाटी मुताच्या डागावर पालथी घाला. कागद मातीला टेकू देऊ नका. ताज्या डागावर फरक हळू दिसेल. दुसऱ्या दिवशीच्या डागावर कागद लवकर निळा पडेल. कुळवलेल्या पट्ट्यावरही तेच करून पाहा.

प्रश्न : वास मारायला मेंढ्या उठल्यावर चुलीची राख टाकली तर? (एक वाचक, खटाव)

उत्तर : टाकू नका. राख आणि चुना दोन्ही सामू वाढवतात, म्हणजे अमोनिया आणखी जोरात निघतो. राख पालाशासाठी चांगली, पण दोन-तीन आठवड्यांनी, वेगळी द्या.

प्रश्न : आमच्याकडे भात कापल्यावर देशावरून धनगर येतात. शेत पावसापर्यंत पडीकच असतं. आम्हीही कुळवावं का? (एक वाचक, रायगड)

उत्तर : तुमची जांभी जमीन आम्लधर्मी, म्हणून हवेत जाणारा वाटा देशापेक्षा कमी. तरीही जमीन चालत असेल तर पाळी घाला. तुमचा खरा धोका जूनमध्ये आहे. तोवर अमोनियमचं नायट्रेट झालेलं असतं आणि पहिल्या मोठ्या पावसात ते खाली वाहून जातं. धनगरांचा मुक्काम हलण्याआधी, शक्य तितक्या उशिरा मेंढ्या बसवून घ्या. लेंडीतला नत्र भाताला हळूहळू मिळतच राहतो.

प्रश्न : गोठ्यातल्या मुताचंही असंच होतं का?

उत्तर : होतं, आणि सिमेंटच्या ओल्या फरशीवर वेगाने होतं. उकिरड्यावर टनामागे 20 ते 25 किलो सिंगल सुपर फॉस्फेट थराथरात टाका. त्यातल्या जिप्समशी अमोनियम कार्बोनेटची प्रक्रिया होऊन अमोनियम सल्फेट बनतं, ते उडत नाही. हे सुपर फॉस्फेट जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यात फ्लोराइड असतं. फरशीवरचं मूत रोज काडात शोषून घेऊन उकिरड्यावर न्या आणि वरून मातीचा पातळ थर द्या.