राउटरमधे फायरवॉल आहे, मग विंडोजची बंद ठेवली तर चालते का?

प्रश्न: दारव्हा तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे, चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर अन् कॅमेऱ्याचा डीव्हीआर, सगळं एकाच राउटरवर. प्रिंटर शेअर होत नव्हता तं दुरुस्तीवाल्या पोरानं चारही कॉम्प्युटरची विंडोज फायरवॉल बंद करून दिली, प्रिंटर लगेच चालू झाला. तो म्हणते राउटरमधे असतेच, काही होत नाही. लोकायचे आधार, सातबारे, बँकेचे कागद माझ्याजवळ असतात म्हणून विचारतो.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: नाही भाऊ, आधी चालू करा अन् मग पुढचं वाचा.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारा पहारेकरी. त्या पोराची गोष्ट अर्धी खरी आहे. राउटरनं तुमच्या कॉम्प्युटरना बहुतेक १९२.१६८ नं सुरू होणारे आतले पत्ते दिलेले असतात, ते बाहेर इंटरनेटवर चालत नाहीत. तुम्ही साइट उघडली की कोणत्या कॉम्प्युटरनं कोणत्या पोर्टवरून (म्हणजे नंबर दिलेल्या दारातून) कोणाकडे मागणी केली ते राउटर नोंदून ठेवतो, उत्तर आलं की नोंद पाहून त्याच कॉम्प्युटरकडे सोडतो, अन् न मागता आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, तिथंच टाकून देतो. बाहेरच्यासाठी हे चांगलं काम आहे.

पण आतल्या आत एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर काय चाललंय ते असा साधा राउटर तपासत नाही. शेताला झटका मशीन लावली म्हणून कोठीतले उंदीर थोडेच थांबतात. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लागला, एक कॉम्प्युटर बाधित झाला, की बाकी तिघांना वाचवायला त्यांची स्वतःची फायरवॉलच असते. मे २०१७ मधे वॉनाक्राय नावाचा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस असाच पसरला, पोर्ट ४४५ मधून, कोणी काही क्लिक न करता, एका मशीनवरून दुसऱ्यावर, ब्रिटनमधले कितीतरी दवाखाने त्यात अडकले. त्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमधेच दिला होता, म्हणून अपडेट लांबवू नका हे मी सगळ्यांना सांगत असतो.

आता प्रिंटर. विंडोजमधे फाइल शेअरिंग त्याच ४४५ वरून चालते अन् प्रिंटर शेअरिंगलाही बहुतेक वेळा तेच लागते, म्हणून चारही ठिकाणी दार उघडं ठेवायची गरजच नाही. ज्या कॉम्प्युटरला प्रिंटरची वायर लागली आहे फक्त तिथं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा अन् फायरवॉलच्या सेटिंगमधे 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ला परवानगी द्या. बाकीचे तिघं तिथं स्वतःहून मागणी करतात, तेव्हा त्यांची फायरवॉल पूर्ण चालू राहू द्या.

डीव्हीआर मोबाइलवर पाहता यावा म्हणून कोणी राउटरमधे पोर्ट फॉरवर्डिंग केलं असेल तर ते काढा, त्यानं बाहेरच्याला थेट आत वाट मिळते, अन् डीव्हीआरचा कंपनीचा पासवर्डही बदला. वायफाय गिऱ्हाइकांना देत असाल तर गेस्ट नेटवर्क वेगळं करून द्या.

अजून एक, अन् हे सेवा केंद्रवाल्यांनी नीट ऐकावं: 'बँकेतून बोलतो' म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून तुम्ही एनीडेस्क (दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं ॲप) टाकून त्यातला नंबर सांगितला, तर ते कनेक्शन तुमच्याच कॉम्प्युटरनं बाहेर जोडलेलं असते, फायरवॉलला ते तुमचंच काम वाटते, ती अडवत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.