मॅनेजर झाले तर माझं इंजिनिअरिंग सुटेल का?

"मॅडम, पुढे जायचं तर एमबीए करावंच लागेल का? आणि केलं, तर इतक्या वर्षांचं इंजिनिअरिंग वाया जाईल का?"

चाकण, भोसरी, हिंजवडीहून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी तिशीतली इंजिनिअर मंडळी हे दोन प्रश्न जोडीनेच विचारतात. आठ-दहा वर्षं नोकरी झालेली असते. डिझाइनमध्ये, क्वालिटीत किंवा साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये त्यांच्या शब्दाला किंमत असते. मग वरचे साहेब निवृत्त व्हायला येतात, किंवा एचआरवाले टीम लीडची जागा पुढे करतात. रात्री मुलं झोपली की लॅपटॉप उघडून कोर्स शोधणं सुरू होतं, आणि हळूहळू झोप उडते.

अशाच एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

मेकॅनिकलची बी.ई., वय ३२, प्लास्टिकच्या सुट्या भागांचे मोल्ड, म्हणजे साचे, डिझाइन करणारी. घरी नवरा, सासूबाई, बालवाडीतली मुलगी आणि फ्लॅटचा हप्ता. पहिल्याच भेटीला तिने एक्सेलची शीट उघडली. अमेरिकेतल्या ड्यूक, डार्टमथ, कॉर्नेल, नॉर्थवेस्टर्नचे इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचे मास्टर्स कोर्स होते, आयआयएम बंगळुरूचा नोकरी सांभाळून करायचा कार्यक्रम होता, आयआयएम मुंबई होतं, बिट्स पिलानीचा मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजमेंटचा एम.टेक. होता आणि शेवटी पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. फी, कालावधी, रँकिंग, व्हिसा असे रकाने, हिरवे-पिवळे-लाल रंग भरलेले.

"यातलं कोणतं घेऊ तेवढं सांगा," ती म्हणाली.

"मॅनेजर व्हायचंय का?"

"नाही झाले तर इथेच कुजेन. आणि झाले तर… आमचे साहेब एके काळी काय टूल डिझायनर होते, मॅडम! आता दिवसभर मीटिंगा. परवा स्क्रीनवरचं मॉडेल फिरवायचं होतं, तर माऊस माझ्याकडे सरकवला."

तो सरकवलेला माऊस तिच्या डोक्यातून जात नव्हता. फी आणि व्हिसाची काळजी खरी होती, पण रात्री जाग आणणारी गोष्ट ही होती.

शीटला मी एकच रकाना वाढवायला सांगितला: 'माझ्या कामातला कोणता अडलेला प्रश्न घेऊन मी या वर्गात बसणार?' पुढच्या भेटीत तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. हे मला नवीन नाही. कोर्स निवडायला आलेली बहुतेक मंडळी इथेच अडतात, म्हणून हा रकाना मी सगळ्यांनाच भरायला लावते.

"अडलेले प्रश्न नाहीतच," ती म्हणाली. "माझी डिझाइन्स चालतात."

"एखादं असं सांगा, जे तुम्ही सोडवलं आणि तरी अडलेलंच राहिलं."

आता ती खुलली. गाडीतल्या एका पार्टवर सिंक मार्क येत होते. म्हणजे पृष्ठभागावर उथळ खळगा पडतो. मागच्या बाजूची रिब, म्हणजे आधाराची उभी पट्टी, जाड असली की तिथे प्लास्टिक सावकाश थंड होतं, जास्त आकसतं आणि पुढचा पृष्ठभाग आत ओढला जातो. रिबची जाडी भिंतीच्या साधारण निम्मी, फार तर साठ टक्के असावी, हे डिझाइनरला पहिल्या वर्षीच कळतं. इथे ती जवळजवळ भिंतीएवढी होती. खळगा दाबण्यासाठी प्रॉडक्शनने होल्डिंग प्रेशर, म्हणजे साच्यातलं प्लास्टिक दाबून धरण्याचा दाब, आणि वेळ वाढवला होता, आणि एका पार्टची ४८ सेकंदांची सायकल ५५ वर गेली होती. रिब बारीक करा, असं हिने आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं.

"मग केली का बारीक?"

"नाही ना! मी मेल केला होता. सिम्युलेशनच्या रिपोर्टसकट."

"कोणाला?"

"सगळ्यांना. प्रॉडक्शन, टूलरूम, सेल्स, साहेब."

"त्यातल्या कोणी काय करायचं होतं?"

ती बोलायला लागली आणि थांबली. ड्रॉइंग ग्राहकाचं, म्हणून बदलाची परवानगी सेल्सने मागायची. सेल्सला वाटत होतं, ग्राहकापुढे चूक कबूल केल्यासारखं होईल. रिब बारीक करायची तर साच्यात स्टील वाढवावं लागतं, म्हणजे टूलरूमला स्टीलचा वेगळा तुकडा, इन्सर्ट, बसवायचा. त्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. प्रॉडक्शनचे आकडे जेमतेम निघत होते, त्यामुळे मोल्ड खाली उतरवायला ते तयार नव्हते. प्रत्येकाची अडचण तिला तोंडपाठ होती. रागाच्या भरात ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले.

"सात जादा सेकंदांचे वर्षाला किती रुपये होतात?"

"ते कॉस्टिंगवाल्यांचं काम आहे."

"तुम्हाला येत नाही?"

जरा चिडूनच तिने मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. वर्षाला दोन लाख पार्ट, प्रत्येकी सात सेकंद, म्हणजे मशीनचे सुमारे ३८९ तास. तासाचा दर १,२०० रुपये धरला तर साडेचार लाखांच्या वर. इन्सर्टचा अंदाज तिच्या डोक्यात होताच, दीड लाखाच्या आत. आकडे पुन्हा तपासून ती म्हणाली, "हे मी मेलमध्ये लिहिलंच नव्हतं. मी फक्त रिबची जाडी लिहिली होती."

आणि मग, माझ्यापेक्षा स्वतःलाच: "माझं उत्तर बरोबर होतं, म्हणून मला वाटलं माझं काम झालं."

या वाक्याची मी वाटच पाहत होते. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली ही पद्धत सांगते, की माणसाला त्रास परिस्थितीपेक्षा त्याने मनात धरलेल्या हट्टांमुळे अधिक होतो. इतकी वर्षं तांत्रिक मंडळींशी बोलून त्यांचा खास हट्ट मला ओळखू येऊ लागला आहे: बरोबर उत्तर मांडलं, की जगाने ते मानलंच पाहिजे. जग मानत नाही, तेव्हा इंजिनिअर म्हणतो, 'इथे सगळं पॉलिटिक्स आहे.' मॅनेजर होणं म्हणजे त्या पॉलिटिक्समध्ये उतरणं, असं समीकरण बसतं. मग पदाची इच्छाही असते आणि किळसही. या ओढाताणीत माणूस डिग्री शोधतो. डिग्री हातात असली म्हणजे हे सगळं न करता खुर्ची मिळेल, अशी आशा तळाशी असते.

हिच्या बाबतीत गंमत अशी, की सेल्स, टूलरूम आणि प्रॉडक्शनच्या अडचणी, खर्च आणि जोखीम एका मांडणीत आणणं हेच इंजिनिअरिंग मॅनेजमेंट आहे, आणि रिब जाड आहे हे कळल्याशिवाय ते कोणालाही जमणार नव्हतं. त्यामुळे इंजिनिअरिंग सुटण्याचा प्रश्न निम्मा तिथेच मिटला. कॅडवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करण्याचा, हात कमी होणार, हे मात्र खरं. तेवढं दुःख मी नाकारत नाही.

आता कोर्सबद्दल, कारण तुम्हालाही तेच विचारायचं असेल.

इंजिनिअरिंग मॅनेजमेंट हा विषय एमबीएचा धाकटा भाऊ नव्हे. अमेरिकेत मिसूरीतल्या रोला इथल्या विद्यापीठाने १९६७ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग काढला. प्रवेशाला बहुधा इंजिनिअरिंगची किंवा विज्ञानाची पदवी लागते. प्रकल्पाचं नियोजन, अनिश्चिततेतले निर्णय, गुणवत्ता, पुरवठा साखळी, इंजिनिअरला लागेल तेवढा हिशेब आणि अर्थकारण, असा त्याचा गाभा. मार्केटिंग, बँकिंग किंवा सल्लागार कंपन्यांत उडी मारायची असेल तर एमबीएच करा. तांत्रिक क्षेत्रातच राहून मोठी जबाबदारी हवी असेल तर हा रस्ता जवळचा.

भारतात या नावाच्या पदव्या कमी, म्हणून नावावर जाऊ नका, विषयांची यादी वाचा. पवईचं आयआयएम मुंबई २०२३ पर्यंत नीटी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, होतं. १९६३ साली ते औद्योगिक इंजिनिअरिंगसाठीच उभं राहिलं, त्यामुळे तिथे कारखान्याची भाषा परकी वाटत नाही. बिट्सचे कार्यक्रम नोकरी न सोडता करता येतात, आणि प्रबंधाला स्वतःच्या कंपनीतलाच प्रश्न घेता येतो. घर आणि हप्ता सांभाळणाऱ्यांना मी आधी असेच पर्याय पाहायला सांगते. ज्यांना फक्त प्रकल्प सांभाळण्याची शिस्त आणि कागद हवा आहे, त्यांना पीएमपी पुरतं. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं.

अमेरिकेला जाणाऱ्यांना दोन गोष्टी. एक, तिथल्या पूर्णवेळ वर्गांत पदवी संपवून थेट आलेली मुलं बरीच असतात. दहा वर्षं शॉप फ्लोअर पाहिलेल्याने आपल्याला तिथे काय मिळणार, हे माजी विद्यार्थ्यांना स्पष्ट विचारावं. ड्यूकसारख्या ठिकाणी हाच अभ्यासक्रम ऑनलाइनही आहे. दुसरं, स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित, गटातल्या पदवीनंतर तिथे एक अधिक दोन वर्षं काम करता येतं, या हिशेबावर कर्ज काढणारे खूप भेटतात. नियम सरकारचे असतात आणि बदलतात. ती तीन वर्षं मिळाली नाहीत तर हप्ता कसा फेडणार, याचं उत्तर आधी नवऱ्या-बायकोने एकत्र बसून कागदावर लिहावं.

आणि जिथे बढतीच्या नियमातच पदव्युत्तर पदवीची अट आहे, तिथे एवढा विचार करत बसू नका. परवडेल तो मान्यताप्राप्त कोर्स करून टाका.

हिने शीट मिटवली आणि एका पानाचा प्रस्ताव लिहिला. वर रुपये, खाली रिब. सेल्सच्या माणसाशी चहाला बसून आधी बोलली. ग्राहकाने बदल मान्य करायला काही आठवडे लावले, इन्सर्टही पहिल्या ट्रायलला नीट बसला नाही, पण सायकल ४९ सेकंदांवर आली. त्यानंतर तिने बिट्सचा फॉर्म भरला. का शिकायचंय, या प्रश्नाखाली तिने रिबचीच हकिगत लिहिली, आणि मला वाचून दाखवताना मध्येच सासूबाईंचा फोन आला तो तिने कापला.

टीम लीडची जागाही घेतली आहे. प्रकल्प, खर्च, वेळापत्रक यांची भीती आता उरलेली नाही. पुढच्या महिन्यात चार जणांची अप्रेझल करायची आहेत, त्यात एक जण हिच्याहून वयाने मोठा आणि कामात ढिला. ते कुठल्याही कोर्सच्या पहिल्या सत्रात येत नाही. त्यासाठी तिने माझ्याकडे शनिवारची वेळ घेतली आहे.