सायबरसुरक्षा कायदा शिकवणारे मुळात कोण असतात: अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या एका वकिलाला उत्तर

पुण्यातली फौजदारी वकिली थांबवून अमेरिकेत सायबरसुरक्षा कायदा व धोरण या विषयात एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करण्याचा तुमचा विचार आहे आणि विद्यापीठांच्या अध्यापकांच्या यादीतून नेमके काय पारखावे, असे तुम्ही विचारले आहे. मी हे शिक्षण वॉशिंग्टनमध्ये घेतले व आता इथेच नोकरी करतो, म्हणून क्रमवारी बाजूला ठेवून त्या यादीविषयीच लिहितो.

हा विषय शिकवणारी बहुतेक नामवंत माणसे दुसरीकडून आलेली असतात. कायद्याचे प्राध्यापक ऑरिन कर यांनी आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले, मग हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली आणि अध्यापनाकडे वळण्यापूर्वी न्याय खात्याच्या संगणक-गुन्हे विभागात सरकारी वकिली केली. जॉर्जिया टेक विद्यापीठाचे पीटर स्वायर क्लिंटन प्रशासनात खासगीपणाविषयीचे मुख्य सल्लागार होते आणि एडवर्ड स्नोडेनने सरकारी पाळत उघड केल्यानंतर, २०१३ मध्ये, ओबामांनी नेमलेल्या पाच जणांच्या समितीतही होते. टफ्ट्स विद्यापीठातल्या सुझन लँडाऊ तर मूळच्या गणितज्ञ. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत त्यांनी बरीच वर्षे काढली. पोलिसांना एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली माहिती, उघडता यावी की नाही, हा एकच प्रश्न या तिघांनी शिकवला तर तीन वेगळे तास होतील, आणि तुम्हाला त्यांतला कोणता हवा हे आधी ठरवायला हवे.

मात्र एक गोष्ट माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली नसते. न्याय खाते, गुप्तचर संस्था, संरक्षण खाते या ज्या वाटेने हे प्राध्यापक मोठे झाले, ती वाट परदेशी विद्यार्थ्याला जवळजवळ बंद असते, कारण तिथे नागरिकत्व आणि सुरक्षा-मंजुरी (गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी) लागते. म्हणून, मला विचाराल तर, मोठ्या नावांइतकेच लक्ष अर्धवेळ अध्यापकांकडे द्या. दिवसभर लॉ फर्ममध्ये किंवा एखाद्या कंपनीच्या विधी विभागात काम करून संध्याकाळी शिकवायला येणारी ही माणसे तुम्हाला खरोखर मिळू शकणारी नोकरी करत असतात. आमच्या अशाच एका वर्गात बाई एक पान वाटत: शुक्रवारी रात्री सर्व्हर बंद पडले आहेत, खंडणीची चिठ्ठी आली आहे, तर पहिला फोन कोणाला? अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सायबर घटना गंभीर ठरल्यापासून चार कामकाजी दिवसांत ती जाहीर करावी लागते, हा २०२३ चा नियम तिथे अंगवळणी पडला. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावे लागते, हे मी सांगितल्यावर चर्चा तासभर लांबली. तुमचा पुण्यातला अनुभव अशा वर्गात वाया जात नाही.

व्हिसाचेही गणित याच निवडीत आहे. एलएल.एम. झाल्यावर सध्याच्या नियमांनुसार साधारण १२ महिने काम करता येते. पण तोच विषय तांत्रिक विभागाच्या एम.एस. पदवीत घेतला आणि ती पदवी 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असली, तर आणखी २४ महिने मिळू शकतात. न्यायालयात उभे राहायचेच असेल, तर कॅलिफोर्नियात परदेशी सनद असलेल्या वकिलाला एलएल.एम. नसतानाही बारच्या (वकिलीच्या परवान्याच्या) परीक्षेला बसता येते.

अर्धवेळ अध्यापक वरचेवर बदलतात, त्यामुळे प्रवेशाची अनामत भरण्यापूर्वी विभागाला ई-मेल करून येत्या सत्रात कोणता विषय कोण शिकवणार आहे, हे लेखी विचारून घ्या.