फासा पडण्याआधी : वाचकांचे प्रश्न
या वेळची सगळी पत्रं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळातल्या जादूच्या वस्तूंबद्दल आणि पर्यायी नियमांबद्दल आहेत. लिहिणारे सगळे 2014 ची, म्हणजे पाचव्या आवृत्तीची, पुस्तकं वापरतात, म्हणून उत्तरांतले आकडेही तिथलेच आहेत. मी कॉलेजात गणित शिकवते आणि रविवारी डीएमच्या, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, खुर्चीत बसते, त्यामुळे आकडेमोड थोडी जास्त होईल. ती करण्यामागे कारण आहे. कुठलाही नवा नियम किंवा नवी वस्तू टेबलावर आली की तिचा भार कोणा एकावर पडतो, आणि तो कोणावर पडतोय हे आकड्यांशिवाय दिसत नाही.

प्रश्न : ताई, माझी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, तिसऱ्या लेव्हलला आहे. मी हौसेने फायटरला (लढवय्याला) +3 ची, म्हणजे हल्ल्यात आणि नुकसानात 3 मिळवणारी, तलवार दिली. आता प्रत्येक लढाई तोच संपवतो आणि बाकीचे तिघं मोबाइल बघत बसतात. तलवार चोरीला गेली असं दाखवू का?
— एक डीएम, नागपूर

उत्तर : चोरी नको. तलवार तुम्ही स्वतःहून दिलीत. आता कथेच्या आडून ती काढून घेतली तर त्या मुलाला ते कळल्याशिवाय राहणार नाही, आणि पुढे मिळणाऱ्या प्रत्येक बक्षिसाकडे तो संशयाने बघेल.

नेमकं काय बिघडलंय ते आधी बघू. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 15 आणि हिट पॉइंट (जीव) 7. स्ट्रेंग्थ 16 असलेला तुमचा फायटर साधी लाँगसोर्ड घेऊन +5 ने, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात 5 मिळवून, हल्ला करतो. त्याला 10 किंवा त्याहून जास्त पडायला हवं, म्हणजे 55 टक्के. वार लागला तरी नुकसानाच्या आठ बाजूंच्या फाशावर निदान 4 (त्यात स्ट्रेंग्थचे 3 मिळवायचे) पडल्याशिवाय गॉब्लिन मरत नाही. क्रिटिकल (20 पडल्यावरचा दुप्पट फाशांचा वार) धरून एका वारात गॉब्लिन पडण्याची शक्यता सुमारे 36 टक्के येते. +3 ची तलवार हातात आली की 7 पडले तरी वार लागतो, म्हणजे 70 टक्के. शिवाय नुकसान कमीत कमी 7, म्हणजे लागलेला प्रत्येक वार जीव घेतोच. 36 चे 70 झाले. पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत प्रोफिशियन्सी बोनस (अनुभवाबरोबर वाढणारं कौशल्य) +2 वरून +6 पर्यंत, म्हणजे फक्त 4 ने वाढतो. त्यातल्या तीन पायऱ्या तुमच्या फायटरने एका संध्याकाळी ओलांडल्या. डंजन मास्टर्स गाइडमध्ये ‘व्हेरी रेअर’ (अतिदुर्मिळ) वस्तूंसमोर, ज्यांत +3 ची तलवार येते, अकरावी लेव्हल लिहिली आहे ती याचसाठी.

आता त्या खेळाडूशी सेशनच्या बाहेर, चहा घेत, सरळ बोला. तलवार त्याचीच राहील, फक्त तिची ताकद टप्प्याटप्प्याने जागी होईल असं ठरवा. आत्ता +1, पुढे +2, आणि +3 अकराव्या लेव्हलच्या आसपास. प्रत्येक टप्पा कशाने उघडेल हे त्यालाच सुचवू द्या. तलवार आधी कोणाची होती, तिने कोणती शपथ अर्धी सोडली, हे तो तुमच्यापेक्षा जास्त रंगवून सांगेल. मी पाहिलेले बहुतेक खेळाडू अशा बदलाला आनंदाने तयार होतात, कारण त्यांना तलवारीची गोष्ट मिळते.

बाकीच्या तिघांना मात्र +1 च्या वस्तू वाटून बरोबरी साधू नका. तसं केलंत तर राक्षसही बळकट करावे लागतील आणि सगळे जिथल्या तिथेच राहतील. त्यांना अशा वस्तू द्या ज्यांवर आकडाच नाही. माझी आवडती म्हणजे इमूव्हेबल रॉड. बटण दाबलं की हवेत आहे तिथेच रुतून बसते आणि 8000 पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त वजन पेलते. ‘अनकॉमन’ वस्तू आहे, पहिल्या लेव्हललाही देता येते. आमच्या टेबलावरच्या ‘रोग’ने (चोर-पात्राने) ती पाणचक्कीच्या आऱ्यांत अडकवून अख्खी गिरणी बंद पाडली, आणि मालक काय झालं बघायला बाहेर आल्यावर बाकीचे मागच्या दाराने आत गेले. त्या प्रसंगात हल्ल्याचा एकही रोल नव्हता, आणि मोबाइल तर कोणाच्याच हातात नव्हता. डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर, रोप ऑफ क्लाइंबिंग याही त्याच जातीच्या. खेळाडू ती वस्तू हातात घेऊन विचार करायला लागतो, आणि तुमच्या त्या तिघांना सध्या विचार करायलाच काही उरलेलं नाही.

प्रश्न : फ्लँकिंगचा पर्यायी नियम घ्यावा की नाही यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडले आहेत. बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळणारा मित्र कडाडून विरोध करतोय. तो उगाच अडून बसलाय का?
— एक खेळाडू, पुणे

उत्तर : तुमच्या मित्राचं बरोबर आहे. शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना दोघं उभे राहिले की दोघांनाही ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), असा हा नियम. 11 किंवा वर पडायला हवं असेल तर 50 टक्क्यांची शक्यता ॲडव्हान्टेजने 75 होते. इतकी मोठी देणगी, आणि तिची किंमत जवळजवळ शून्य, कारण या आवृत्तीत शत्रूच्या टप्प्यात राहून त्याच्याभोवती फिरलं तर संधीचा वार (टप्प्यातून निसटणाऱ्यावरचा फुकटचा वार) बसत नाही. दोन पावलं टाका आणि ॲडव्हान्टेज घ्या.

तुमचा बार्बेरियन दुसऱ्या लेव्हलला रेकलेस अटॅक शिकतो. त्यानेही ॲडव्हान्टेजच मिळतं, पण त्या बदल्यात सगळे शत्रू त्याच्यावर ॲडव्हान्टेजने वार करतात. तो अंगावर घाव घेऊन जे कमावतो ते बाकीच्यांना फुकट मिळणार असेल तर तो चिडेलच. त्याने तिसऱ्या लेव्हलला वुल्फ टोटेम (लांडग्याची शक्ती) घेतलं असेल तर आणखी वाईट, कारण सोबत्यांना ॲडव्हान्टेज मिळवून देणं हेच त्याचं काम आहे आणि ते काम हा नियम काढून घेतो. शिवाय तुम्ही चौघं आणि गॉब्लिन आठ असतील तर घेराव कोण घालणार, याचाही विचार करा.

जागेचा डावपेच हवाच असेल तर ॲडव्हान्टेजऐवजी साधे +2 द्या. 50 चे 60 होतात, उभं कुठे राहायचं याला महत्त्व येतं, आणि रेकलेस अटॅकची किंमतही टिकते.

प्रश्न : हल्ल्याच्या फाशावर 1 पडला की शस्त्र हातातून निसटतं किंवा सोबत्याला लागतं, असा आमचा हाउस रूल आहे. मजा येते. तुमचं मत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माझं मत विरोधात आहे. पुस्तकात 1 पडला की हल्ला हुकतो, एवढंच. फायटरला पाचव्या लेव्हलला दोन हल्ले मिळतात, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. एका फेरीत निदान एकदा 1 पडण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून आधी सुमारे 10, मग 14 आणि शेवटी साडेअठरा टक्के होते. म्हणजे जगातला सर्वांत कसलेला तलवारबाज नवशिक्यापेक्षा साडेतीन पटींहून जास्त वेळा तलवार पाडतो. आणि फायरबॉल टाकणारा विझर्ड (जादूगार) तर हल्ल्याचा रोलच करत नाही, त्याला या नियमाचा स्पर्शही होत नाही. मजा सगळ्यांना येत असेल, पण ती येते एकाच माणसाच्या जिवावर. फायटर खेळणाऱ्याला, बाकीचे नसताना, एकदा विचारून बघा.

प्रश्न : आमच्या कॅम्पेनमध्ये लांबचा प्रवास आहे, लढाई दोन-तीन दिवसांतून एखादी. प्रत्येक लढाईत सगळे ताजेतवाने असतात, धोका वाटतच नाही. विश्रांती लांबवणारा ग्रिटी रिअलिझमचा पर्यायी नियम लावायचा विचार आहे. लावू का?
— एक डीएम, फोंडा

उत्तर : लावा. प्रवासाच्या कॅम्पेनला हा नियम शोभतो. माझ्या स्वतःच्या कॅम्पेनमध्ये पावसाळ्यात घाटवाटा बंद होतात आणि पार्टी गावात अडकते. तिथे एरवीच्या 1 तासाऐवजी 8 तासांची शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आणि 8 तासांऐवजी 7 दिवसांची लाँग रेस्ट (मंत्र परत देणारी मोठी विश्रांती) हे हिशेब अगदी सहज बसले. जखमी माणूस आठवडाभर कोणाच्या तरी ओसरीवर पडून राहतो, त्या घरातल्यांशी नाती जुळतात, आणि मंत्र राखून वापरायची सवय लागते.

पण हा नियम लावताना जादूच्या वस्तूंकडे बघायचं बरेच जण विसरतात, म्हणून इथे जरा थांबते. शॉर्ट रेस्ट आठ पट आणि लाँग रेस्ट एकवीस पट लांबली, पण वस्तूंचं घड्याळ बदललं नाही. वँड ऑफ मॅजिक मिसाइल्स या कांडीत 7 चार्ज (वापर) असतात आणि रोज पहाटे 1डी6+1 (सहा बाजूंचा एक फासा अधिक 1), म्हणजे सरासरी साडेचार, परत येतात. अट्यूनमेंट (वस्तूशी आधी जुळवून घेणं) लागत नाही, कोणीही वापरू शकतो. सात पहाटा मोजा. दोन लाँग रेस्टच्या मध्ये या एका कांडीतून मॅजिक मिसाइलचा मंत्र तीसच्या आसपास वेळा निघतो, आणि तो कधी हुकत नाही. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे (पुरोहिताकडे) तेवढ्याच काळासाठी सगळे मिळून 9 स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) आहेत. पहिल्या लेव्हलला मिळू शकणारी ‘अनकॉमन’ कांडी पार्टीतली सगळ्यात मोठी जादूगार होऊन बसते, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याने सात दिवस एकेक मंत्र पुरवून वापरायचा.

वर्गांमध्येही (फायटर, क्लेरिक अशा पात्रांच्या प्रकारांमध्येही) असाच फरक पडतो. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात, म्हणजे रोज रात्री. विझर्डच्या आर्केन रिकव्हरी या क्षमतेच्या मजकुरात ‘दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर’ असं आहे, म्हणजे त्यालाही रोज काही स्लॉट मिळतात. क्लेरिक आणि सॉर्सरर मात्र आठवडाभर कोरडे. उलट मेज आर्मर (मंत्राचं चिलखत) 8 तासच टिकतं. नेहमीच्या खेळात ते दिवसभराच्या सगळ्या लढायांना पुरतं, इथे जेमतेम एका लढाईला.

आमच्या टेबलावर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. ‘रोज पहाटे’ भरणाऱ्या वस्तू लाँग रेस्ट संपल्यावरच्या पहाटे भरतात. आर्केन रिकव्हरी दोन लाँग रेस्टच्या मध्ये एकदाच. आणि 8 तासांचे मंत्र दोन दिवस टिकतात. हे सगळं कॅरेक्टर बनवण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांना दिलं, क्लेरिक घेणारीला तर समोर बसवून. तुमचं कॅम्पेन अर्ध्यावर आहे, तेव्हा एक अधिक करा. नियम लागू झाल्यावर ज्याला आपला वर्ग बदलावासा वाटेल त्याला एकदा तशी मुभा द्या.

प्रश्न : बॅग ऑफ होल्डिंगमध्ये (आत भरपूर जागा असलेल्या जादूच्या पिशवीत) पोर्टेबल होल (घडी घालता येणारा जादूचा खड्डा) टाकून खलनायकाला उडवायचा बेत आहे. डीएम म्हणतो, नियम तपासून सांगतो. तुम्हीच सांगा ना!
— चार खेळाडू, डोंबिवली

उत्तर : बेत नियमांत बसतो. एकात दुसरं घातलं की दोन्ही वस्तू नष्ट होतात, ॲस्ट्रल प्लेन या दुसऱ्या जगाचं दार उघडतं, आणि त्यापासून 10 फुटांच्या आतला प्रत्येक जीव आत खेचला जाऊन तिथे कुठेतरी फेकला जातो. दार लगेच बंद होतं. घालणारा साहजिकच 10 फुटांच्या आत असतो, तेव्हा तुमच्यापैकी एक जण खलनायकाबरोबरच जाईल. मेज हँडने (मंत्राने बनवलेल्या हाताने) हे काम दुरून होऊ शकतं. तो हात 10 पौंड उचलतो. बॅग 15 पौंडांची, ती त्याला उचलणार नाही. पण घडी घातलेल्या होलला जवळजवळ वजनच नाही. बॅग आधी तोंड उघडून शत्रूजवळ पडलेली हवी, आणि मेज हँड टाकणारा 30 फुटांच्या आत.

एवढी तयारी करून, एक ‘रेअर’ आणि एक ‘अनकॉमन’ वस्तू कायमची गमावून कोणी हे करत असेल तर डीएमने ते मनापासून होऊ द्यावं. फक्त लक्षात ठेवा, खलनायक मेलेला नाही. तो ॲस्ट्रल प्लेनवर आहे, तुमच्यावर चिडलेला आहे, आणि तुम्हाला त्याच्याकडून काही हवं असेल तर तेही त्याच्याच खिशात आहे.

प्रश्न : मी बारावीत आहे. आम्हा चार मैत्रिणींना खेळायचंय, पण तीन पुस्तकं घेण्याइतके पैसे नाहीत. पर्यायी नियमांशिवाय खेळ अर्धा राहतो का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अजिबात राहत नाही. पाचव्या आवृत्तीचा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1, म्हणजे मूळ नियमांचा संच, जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. तो फुकट आणि कायदेशीर उतरवून घेता येतो. वर ज्या वस्तूंबद्दल लिहिलं त्या इमूव्हेबल रॉड, बॅग ऑफ होल्डिंग, मॅजिक मिसाइल्सची कांडी, सगळ्या त्यात आहेत. फ्लँकिंग, ग्रिटी रिअलिझम हे त्यात नाहीत, आणि पहिलं वर्षभर तुम्हाला त्यांची गरज पडणार नाही. फासे नसतील तर मोबाइलवर टाका. एकीने डीएम व्हायचं, तिघींनी पहिल्या लेव्हलची कॅरेक्टर्स करायची, आणि प्रत्येकीला त्या डॉक्युमेंटमधून आकडा नसलेली एक ‘अनकॉमन’ वस्तू स्वतः निवडू दे. तिसऱ्या सेशननंतर कोणी कोणती वस्तू कशी वापरली ते मला लिहून कळव.