घरासाठी कोणती पवनचक्की घ्यावी? आधी खांबाचं ठरवा

तुम्ही विचारलंय की साताऱ्याकडे गावी घर आहे, महिन्याला १२० युनिटं लागतात, १ किलोवॅटची पवनचक्की गच्चीवर बसवायची आहे. तर ती आडव्या आसाची (टेबलफॅनसारखी फिरणारी) घ्यावी की उभ्या (भोवऱ्यासारखी फिरणारी), कोणत्या कंपनीची, आणि बिल शून्यावर येईल का.

उभ्या आसाची घेऊ नका. 'चारी बाजूंचा वारा घेते' असं सांगून विकतात, पण आडव्या आसाच्या चक्कीला शेपूट असतं, ती आपणहून वाऱ्याकडे तोंड फिरवते. त्यात उभ्या आसाची तेवढ्याच वाऱ्यातून वीजही कमी काढते. आता गच्चीचं बोलू, कारण खरी चूक तिथे होते आणि आमच्या घरात ती झालेली आहे.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात पाटण तालुक्यातल्या माझ्या मामांनी मला न विचारता १ किलोवॅटची चक्की आणली, पात्यांचा व्यास अडीच मीटर. त्यांच्या अंगणातून वर बघितलं की पठाराच्या कडेला कंपन्यांच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात. मामांचं म्हणणं, "एवढा वारा डोक्यावर असताना आपल्याला काय कमी?" पण तो वारा डोक्यावरच राहतो. पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा सह्याद्री चढताना दाबला जातो आणि कडेवरून जोरात सुटतो. कंपन्यांचे मनोरे त्या कडेवर, आणि तिथून पुढे आणखी ५० मीटर उंच. मामांचं घर खाली, पश्चिमेला निलगिरीच्या झाडांची रांग, बाजूला पाण्याची टाकी. चक्की बसवली स्लॅबवर, दहा फुटी पाइपावर.

जूनमध्ये मी गेलो तेव्हा जेवताना फळीवरचे पेले झणझणत होते. भिंतीला तळहात लावला तर धडधड हाताला लागत होती. मामी म्हणाल्या, "रात्री उशीला कान लावला की घरघर सुरू." दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर लांब बांबू उभा केला आणि जुन्या साडीच्या फिती त्याला दर तीन फुटांवर बांधल्या. खालच्या तीन-चार फिती घटकेत पूर्वेला, घटकेत उलट्या निलगिरीकडे, मध्येच लोंबत्या. वीस फुटांवरची फीत मात्र एका रेषेत ताठ. चक्की त्या खालच्या फितींच्या पट्ट्यात होती. तिचं शेपूट सारखं इकडून तिकडे झोके खात होतं.

मी मीटर लावला आणि वही घातली. जुलैत १७ युनिटं. पुढच्या मे महिन्यात मी हट्टाने चक्की उतरवली आणि घरामागच्या उघड्या माळावर ५० फुटी खांबावर चढवली. खांबाच्या बुंध्याला बिजागरी, चारी बाजूंनी खांब ताणून धरणाऱ्या स्टेच्या तारा, ट्रॅक्टरने ओढून उभा केला. खांब, काँक्रीट आणि तारा मिळून चक्कीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. ४८ व्होल्टची वीज चारशे फूट आणायची म्हणजे केबल जाड लागते, त्यावरून मामा पुन्हा भडकले. त्या जुलैत ८४ युनिटं निघाली. चक्की तीच, बॅटऱ्यांचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर तोच, बॅटऱ्या त्याच.

मामा आजही चारचौघांत सांगतात, "त्या वर्षी वाराच जास्त होता, याने उगाच खांबात पैसे घातले." पठारावर चक्क्यांच्या देखभालीला जाणारा गावातलाच एक मुलगा आहे. त्याला मी विचारलं, दोन्ही जुलैत वर फारसा फरक नव्हता. आणि हिशेब साधा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याची ताकद आठपट होते. वीज पाचपट व्हायला वेग १.७ पट झाला तरी पुरतो. निलगिरीच्या आडोशातून माळावर पन्नास फूट वर गेलं की तेवढा फरक पडतो. मामा, तुम्ही हे वाचत असाल तर वही अजून माझ्याकडे आहे.

हाच हिशेब खरेदीलाही लावा. '१ किलोवॅट' हा आकडा बहुतेक वेळा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. तुमच्याकडे ४ मीटरचा वारा असेल तर वेग तिसरा हिस्सा आणि ताकद सत्ताविसावा हिस्सा: हजारातले ३७ वॅट. छताला असतो तो जुना पंखा ७०-७५ वॅट खातो. म्हणून विक्रेत्याला किलोवॅट विचारू नका. पात्यांचा व्यास विचारा, आणि ४ व ५ मीटर सरासरी वाऱ्याला महिन्याला किती युनिटं ते लिहून मागा. लिहून देत नसेल तर उठून या. उंचीचं म्हणाल तर दीडशे मीटरच्या आत जे काही उभं असेल, झाड, टाकी, शेजाऱ्याचा मजला, त्याच्या वर पात्यांचं खालचं टोक किमान १० मीटर हवं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. बेअरिंग गेलं तर भर पावसात तुमच्या गावात कोण येईल, एवढं बघा.

बिल शून्यावर येणार नाही. आमच्याकडे डिसेंबरात माळावरही ९ युनिटं निघाली, कारण आपल्याकडचा वारा मुख्यतः जून ते ऑगस्टचा. नुसतं बिलच कमी करायचं असेल तर २ किलोवॅट सोलर घ्या: दिवसाला सरासरी आठेक युनिटं, आणि प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ६० हजार अनुदान. चक्की घ्यावी ती पावसाळ्यात ऊन नसताना आणि लाइन चार-चार तास गेलेली असताना बॅटऱ्या भरायला. त्या कामाला ती फार चांगली आहे, आणि ज्याच्याकडे उघडा माळ किंवा टेकाड आहे त्याने जरूर घ्यावी.

एक राहिलं. खांब आडवा करता येईल असाच बसवा. एप्रिल-मेमध्ये वळवाआधीचं वादळ एका झटक्यात पाती मोडतं. आमच्याकडे आभाळ भरून आलं की पहिला फोन मामांचाच येतो: "ट्रॅक्टर आणतो, तू निघ, खांब उतरवून घेऊ."